जुनी ब्रॉडहेड ओळखणे आणि त्यांचा काळ ठरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना गराज सेलमध्ये किंवा एखाद्या घरातील सामानाच्या विक्रीत बाणांची जुनी पोलादी टोके मिळतात. त्यांची छायाचित्रे पाठवून जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः विसाव्या शतकातील अमेरिकी बनावटीच्या टोकांना धरून आहेत. त्याबाहेरच्या वस्तूंचा विचार प्रश्न 16 आणि 18 मध्ये केला आहे.

1. ब्रॉडहेड म्हणजे नेमके काय? बाणाच्या कोणत्याही टोकाला ब्रॉडहेड म्हणतात का?

नाही. निशाणेबाजीच्या सरावासाठी वापरले जाणारे टोक गोल आणि निमुळते असते, त्याला धार नसते. ब्रॉडहेड हे शिकारीचे टोक आहे. त्याला दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात आणि ती एका निमुळत्या नळीवर बसवलेली असतात. बाणाच्या काठीचे टोक या नळीत शिरते. पात्याचा मागचा कोपरा कधी सरळ कापलेला, कधी उताराचा, तर कधी मागे वळून आकड्यासारखा झालेला असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत आकडीची टोके शिकारीला चालत नाहीत आणि पात्यांची रुंदी किमान 7/8 इंच असावी लागते. त्यामुळे हा मागचा कोपरा आणि ही रुंदी, दोन्ही नोंदवून ठेवावीत.

2. संग्राहक साधारण कोणत्या काळातील ब्रॉडहेड जमवतात?

1920 च्या दशकापासून 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची. या छंदामागच्या धनुष्यबाणाच्या शिकारीची मुळे ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतील इशी या माणसापर्यंत जातात. 1911 मध्ये तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला, 1916 मध्ये त्याचे निधन झाले, आणि मधल्या काळात डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्यबाणाची विद्या घेतली. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग आपली टोके स्वतःच घडवत. कारखान्यात तयार झालेल्या मालाला खरी मागणी आली ती राज्यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी वेगळा हंगाम देऊ केल्यानंतर. विस्कॉन्सिनने 1934 मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत हरणांसाठी असा हंगाम ठेवला, पुढे इतर राज्यांनीही तसे केले, आणि गावोगावच्या लहान यंत्रशाळांनी ब्रॉडहेड बनवायला घेतली. प्रकार असंख्य का आहेत, याचे उत्तर या लहान यंत्रशाळांत आहे. कित्येकांनी दोन-चार हंगाम माल काढला आणि दुकान बंद केले.

3. हाती आलेल्या ब्रॉडहेडची तपासणी कोठून सुरू करावी?

पुसण्यापूर्वी दोन्ही बाजूंची, मागून नळीच्या तोंडाची आणि टोकाची छायाचित्रे काढावीत. त्यानंतर व्हर्निअर कॅलिपरने एकूण लांबी, पात्यांची सर्वांत जास्त रुंदी आणि नळीच्या तोंडाचा आतला व्यास मोजावा. वजन ग्रेनमध्ये नोंदवावे, कारण या क्षेत्रात तेच एकक चालते. एक ग्रेन म्हणजे सुमारे 64.8 मिलिग्रॅम, म्हणजे 125 ग्रेनचे टोक सुमारे 8.1 ग्रॅमचे भरते. दागिन्यांसाठीचा छोटा काटा यासाठी पुरेसा आहे. लोहचुंबक लावून पाहिले की पाते पोलादी आणि नळी ॲल्युमिनियमची असा फरक लगेच कळतो.

पाते नळीला कसे जोडले आहे, ही यानंतरची आणि बहुधा सर्वांत उपयोगी पायरी. भिंगातून पाहताना रिव्हेटची डोकी, स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे किंवा ब्रेझिंगमुळे (पितळ वितळवून केलेल्या जोडामुळे) सांध्यात राहिलेली पिवळसर रेघ दिसते. एकाच आकाराची टोके अनेकांनी बनवली, पण जोडण्याची पद्धत ज्याची त्याची यंत्रे आणि सवय यांवर ठरत असे. निर्माता ओळखताना म्हणूनच बाह्याकारापेक्षा सांध्याला अधिक महत्त्व द्यावे.

4. नळी किंवा आटे पाहून काळ सांगता येतो का?

मोठी विभागणी नक्की करता येते. लाकडी काठीसाठीच्या नळीला आतून 5 अंशांचा उतार असतो आणि टोक गरम डिंकासारख्या चिकट पदार्थाने काठीवर बसवले जाते. लाकडी काठ्यांचे नेहमीचे व्यास 5/16, 11/32 आणि 23/64 इंच असल्यामुळे नळीचे तोंडही त्याच मापांच्या आसपास असते. काही आरंभीच्या टोकांची नळी मात्र आतून सरळ असते, तर काहींना नळीऐवजी काठीत खुपसायची शेपटी असते.

मागे आट्यांचा दांडा असलेली, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसवायची टोके 1970 च्या दशकात रूढ झाली. त्यांचे आटे 8-32 मापाचे असतात, आणि तेच माप आजही प्रमाण आहे. पूर्वीपासून वापरात असलेल्या ॲल्युमिनियमच्या पोकळ काठ्यांत आतून धातूची आटेदार बैठक बसवता येऊ लागल्यावर टोक बदलणे सोपे झाले. याच काळात कंपाउंड धनुष्यही (कप्प्यांवरून दोरी फिरवलेले धनुष्य) पसरले. हॉलेस विल्बर ॲलन यांना त्याचे पेटंट डिसेंबर 1969 मध्ये मिळाले होते.

येथे एक फसगत संभवते. चिकटवायच्या जुन्या टोकात आटेदार जोडतुकडा बसवून ते नव्या काठीवर वापरण्याची सोय होती आणि आहे. आटे दिसले म्हणून टोक 1970 नंतरचे ठरवण्याआधी तो दांडा मूळ नळीचाच भाग आहे की आत चिकटवलेला वेगळा तुकडा आहे, हे पाहावे. कडेला चिकट पदार्थाची तपकिरी रेघ असेल तर तो तुकडा नंतरचा.

5. पात्यावर पेटंट क्रमांक कोरलेला आहे. पेटंटचे साल हेच टोकाचे साल मानावे का?

मानू नये. पेटंट क्रमांकावरून एवढेच कळते की ते टोक त्या सालाच्या आधीचे नाही. त्या काळात पेटंटची मुदत मंजुरीपासून 17 वर्षे होती, आणि ठशाचा साचा झिजेपर्यंत मुदत संपल्यावरही तोच क्रमांक उमटत राहू शकतो.

अमेरिकी पेटंट क्रमांक ओळीने दिले जात असल्यामुळे साल अदमासाने काढता येते. 1940 ची सुरुवात 21,85,170 या क्रमांकाने झाली, 1950 ची 24,92,944 ने, 1960 ची 29,19,443 ने आणि 1970 ची 34,87,470 ने. तीस लाखांचा टप्पा 1961 मध्ये आणि चाळीस लाखांचा 1976 मध्ये ओलांडला गेला. क्रमांक पूर्ण वाचता येत असेल तर मूळ पेटंट महाजालावर विनामूल्य पाहता येते आणि त्यातील आकृती हातातल्या वस्तूशी ताडता येते. डिझाइन पेटंटची क्रमवारी वेगळी आणि खूपच लहान आकड्यांची असते. ‘डी’ किंवा ‘डेस’ अशी अक्षरे आधी असतील तर वरील साले लावू नयेत. ‘पेटंट पेंडिंग’ एवढेच असेल, तर अर्ज केला होता असा निर्मात्याचा दावा, याहून अधिक त्यातून काढू नये.

6. टोके मूळ डबीत आहेत. डबीवरून काय कळते?

पुष्कळ कळते, बहुतेक वेळा टोकापेक्षाही जास्त. डबी कागदाची असते आणि कागदावर पत्ता असतो.

पत्त्यात शहराच्या नावापुढे एक किंवा दोन अंकी विभाग क्रमांक असेल तर तो 1943 नंतरचा, कारण मोठ्या शहरांत ही पद्धत त्या वर्षी आली. पाच अंकी झिप कोड 1 जुलै 1963 रोजी सुरू झाला आणि राज्यांची दोन मोठ्या अक्षरांची लघुरूपेही त्याच वर्षीची आहेत. त्यापूर्वी मिशिगनसाठी ‘मिच.’ आणि मिनेसोटासाठी ‘मिन.’ असे छापले जाई. रेषांचा बारकोड असेल तर डबी 1974 च्या आधीची असूच शकत नाही, कारण दुकानात त्याचा पहिला वापर त्या वर्षी जूनमध्ये ओहायोत झाला. नावापुढे वर्तुळातील ‘आर’ असेल, तर ते नोंदणीचिन्ह 1946 च्या व्यापारचिन्ह कायद्याने रूढ केलेले आहे.

उदाहरण म्हणून बेअर आर्चरी या धनुष्यबाण बनवणाऱ्या कंपनीची डबी घ्या. फ्रेड बेअर यांनी 1933 मध्ये डेट्रॉइट येथे व्यवसाय सुरू केला, 1947 मध्ये कारखाना मिशिगनमधीलच ग्रेलिंग येथे नेला आणि 1978 मध्ये तो फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे गेला. मध्यंतरी, 1968 मध्ये, कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या उद्योगाकडे गेली. आता डबीवर ‘ग्रेलिंग, मिशिगन’ आहे, झिप कोड नाही आणि व्हिक्टर या मालक कंपनीचा उल्लेखही नाही, असे दिसले तर ती बहुधा 1963 पूर्वीची किंवा फार तर त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतील धरावी. ग्रेलिंगसोबत 49738 हा झिप कोड असेल तर ती 1963 ते 1978 या काळात पडते, आणि व्हिक्टरचे नाव दिसले की या काळाची सुरुवात 1968 पर्यंत पुढे सरकते. छापून ठेवलेल्या डब्या संपेपर्यंत वापरल्या जात, म्हणून काळाच्या दोन्ही सीमांना थोडी सैल जागा ठेवणे शहाणपणाचे.

डबी आणि आतले टोक एकमेकांचेच आहेत, हे मात्र गृहीत धरू नये. रिकामी डबी वेगळी विकत मिळते आणि तिच्यात काहीही भरता येते.

7. ठसा, नाव, क्रमांक काहीच नसेल तर?

ही सर्वांत सामान्य परिस्थिती आहे, कारण नाव डबीवर आणि टोक कोरे अशी पद्धत अनेकांनी ठेवली होती. अशा वेळी प्रश्न 3 मधील मापे आणि सांध्याचा प्रकार घेऊन जुन्या विक्रीसूचींशी ताडणी करावी. मिनेसोटातील वसेका येथून टपालाने माल विकणाऱ्या हर्टर्सच्या जाडजूड सूच्या यासाठी फार उपयोगी पडतात, कारण त्यांत चित्र, माप आणि किंमत एकत्र मिळते. अमेरिकन ब्रॉडहेड कलेक्टर्स क्लब ही संग्राहकांची संस्थाही याच कामात मुरलेली आहे. मासिकांतील जाहिराती चित्रांसाठी चांगल्या, पण त्यांवरून काळ ठरवताना जपून. एकच चित्र वर्षानुवर्षे छापले जाई.

8. माझ्याकडे बेअरचे रेझरहेड आहे, पण मध्ये एक रिकामी फट दिसते. काही तुटले आहे का?

तुटलेले नाही, हरवलेले आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या रेझरहेडमध्ये दोन मुख्य पाती पक्की असतात आणि त्यांना काटकोनात एक पातळ, वस्ताऱ्यासारखे वेगळे पाते फटीतून सरकवून बसवले जाते. त्याला संग्राहक ‘ब्लीडर’ म्हणतात. ते सुटे असल्यामुळे वापरात पडून जाई किंवा मुद्दाम काढले जाई. नंतरच्या काळातील ब्लीडर जुन्या टोकात बसवून ‘पूर्ण’ नमुना म्हणून विकण्याचे प्रकार होतात. दोन्ही पात्यांवरील गंजाचा रंग आणि खोली सारखी आहे का, हे फटीच्या कडेला भिंग लावून पाहावे: मुख्य पाते तपकिरी आणि फटीत बसलेले पाते निळसर लखलखीत असेल, तर दोघांचा सहवास अलीकडचा आहे.

9. काही टोके आजही त्याच नावाने मिळतात. जुने आणि नवे कसे वेगळे काढावे?

हा खरोखर अवघड प्रश्न आहे. क्लिफ झ्विकी यांची मिनेसोटातील नॉर्थ सेंट पॉल येथील ‘ब्लॅक डायमंड’ टोके 1930 च्या दशकाच्या अखेरीपासूनची. काळे अंग आणि घासून उजळ केलेली धार ही त्यांची ओळख. रचना एवढी जमलेली होती की पुढे तिच्यात फारसा बदल करावा लागला नाही. अशा टोकांचा काळ डबीशिवाय दशकाच्या नेमकेपणाने सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. काळ्या रंगाची झीज, नळीतील जुन्या चिकट पदार्थाचा ठिसूळपणा, सोबत आलेली काठी आणि तिची पिसे, एवढ्या आधारावर ‘जुने वाटते’ इतकेच म्हणता येते. नोंदीतही तेवढेच लिहावे.

10. टोकावर किंवा डबीवर मोठ्या दुकानाचे नाव आहे. ते दुकान टोके बनवत असे का?

बहुधा नाही. सिअर्ससारखी दुकाने दुसऱ्या कारखान्यातून माल घेऊन स्वतःच्या नावाने विकत. 1960 च्या दशकात सिअर्सच्या क्रीडासाहित्यावर बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांचे नाव असे. अशा वेळी नोंदीत विक्रेता आणि निर्माता हे दोन रकाने वेगळे ठेवावेत, आणि निर्माता सांध्यावरून शोधावा.

11. हाताने घडवलेले टोक कसे ओळखावे? त्याला किंमत असते का?

दोन पाती एकावर एक ठेवून पाहिली की कारखान्याची पाती जुळतात, हातची जुळत नाहीत. कडेला कानशीचे तिरके ओरखडे असतात, रिव्हेटच्या जागी कधी खिळ्याचे डोके असते, आणि करवतीच्या जुन्या पात्यातून कापलेले असेल तर एखाद्या बाजूला दातांची खूण उरते. दुसऱ्या महायुद्धात धातू नागरी मालासाठी सहज मिळत नव्हता, तेव्हाही अशी टोके घरी बनली. पण घरी टोके बनवणे त्याआधी आणि त्यानंतरही चालूच होते, म्हणून ‘हातचे म्हणजे युद्धकाळातले’ हे समीकरण चुकीचे आहे. किंमत कोणी बनवले यावर ठरते. घडवणाऱ्याचे नाव, पत्र किंवा छायाचित्र सोबत असेल तर एखादे ओबडधोबड टोकही मोलाचे ठरते. नसेल तर ते केवळ कुतूहलाची वस्तू राहते.

12. दोन खुणा दोन वेगळे काळ सांगत असतील तर कोणती मानावी?

जी नंतरची आहे ती. पेटंट 1952 चे, पण टोकाला मूळचाच आटेदार दांडा असेल, तर ते टोक 1970 च्या आसपासचे किंवा त्यानंतरचे आहे आणि जुना क्रमांक साच्यात राहून गेला आहे. सुट्या भागांच्या बाबतीत (ब्लीडर, जोडतुकडा, डबी) हा नियम त्या त्या भागापुरताच लावावा. काळ नेहमी ‘या सालापासून या सालापर्यंत’ असा द्यावा आणि कोणत्या खुणेवरून कोणती सीमा ठरवली ते शेजारी लिहावे. एकच साल लिहून मोकळे होणारी नोंद दिसायला रुबाबदार असते, तपासायला निरुपयोगी.

13. बनावट टोके बाजारात आहेत का?

आहेत, आणि दुर्मीळ नावांची जास्त आहेत. रॉय केस यांच्या ‘किस्का’सारख्या आरंभीच्या टोकांची मागणी मोठी आणि रचना साधी, त्यामुळे नक्कल करणे सोपे जाते. आम्ल लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि भुकटीसारखा असतो. वर्षानुवर्षांचा गंज सांध्यात आणि नळीच्या आत जास्त, हाताळल्या जाणाऱ्या भागावर कमी, आणि रंगाने काळपट तपकिरी असतो. ठसा जुना असेल तर त्याच्या खळग्यातही बाजूच्या पृष्ठभागासारखीच छटा असते. खळगा आतून चकाकत असेल तर ठसा नंतर मारलेला आहे. डबीसाठी अंधारात अतिनील दिवा वापरावा. कागद पांढरा दिसण्यासाठी वापरली जाणारी चकाकीची द्रव्ये 1950 च्या दशकापासून सर्रास आली, त्यामुळे 1930 च्या दशकातील म्हणून दाखवलेली डबी निळसर उजळली तर व्यवहार तिथेच थांबवावा.

स्मरणार्थ काढलेल्या अधिकृत प्रतिकृती ही बनावट नव्हे. त्या तशा सांगून विकल्या जातात. अडचण दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्यावर सुरू होते.

14. गंज काढून धार लावावी का?

धार मुळीच लावू नये. कारखान्यातून आलेली धार हीसुद्धा निर्मात्याची खूण आहे, आणि कानस फिरली की रुंदीचे मापही बदलते. तारेचा ब्रश, पॉलिश कागद, चिंच किंवा लिंबू यांपैकी काहीही वापरू नये. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे उपाय येथे घातक ठरतात. मऊ कापडावर थोडे यंत्राचे तेल घेऊन सुटा गंज पुसावा, कोरडे करून संग्रहालयात वापरतात तसले सूक्ष्मस्फटिकी मेण पातळ लावावे. ठेवताना पीव्हीसीची पाकिटे आणि ओकसारख्या लाकडाचे बंद खण टाळावेत, कारण दोन्हींतून निघणारी आम्लवाफ पोलाद खाते. मुंबई-कोकणच्या हवेत सिलिका जेलची पुडी हवीच, आणि पावसाळ्यात ती बदलत राहावी लागते.

15. माझ्या टोकाची किंमत किती येईल?

छायाचित्रावरून आकडा सांगणे योग्य नाही. सर्वसाधारण नियम असा की मोठ्या कारखान्यांची नेहमीची टोके मुबलक आहेत आणि स्वस्तात मिळतात, तर थोडा काळ चाललेल्या यंत्रशाळांची टोके महाग असतात. मूळ डबी, न वापरलेली धार आणि मालकीचा लेखी माग असेल तर किंमत वाढते. मागितलेली किंमत पाहू नये, प्रत्यक्ष झालेली विक्री पाहावी.

16. चपट्या लोखंडी पत्र्याचे, मागे दातेरी शेपटी असलेले टोक मिळाले आहे. हे कोणत्या कंपनीचे?

हे ब्रॉडहेडच्या या कुळातले नाही. एकोणिसाव्या शतकात मैदानी प्रदेशातील मूळ अमेरिकी जमातींशी होणाऱ्या व्यापारात पत्र्यातून कापलेली अशी टोके दिली-घेतली जात. शेपटीच्या दोन्ही कडांवर बारीक दाते असत, कारण ती काठीच्या चिरेत खुपसून वर स्नायूची दोरी गुंडाळली जाई. ती खरी असतील तर ऐतिहासिक ठेवा आहेत, आणि बनावटही तितकीच फार. अमेरिकेतील केंद्र सरकारच्या जमिनीवर अशा वस्तूंसाठी परवान्याशिवाय खणणे 1979 च्या पुरातत्त्वीय साधनसंपत्ती संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून वस्तू कोठून आली याची लेखी माहिती घेतल्याशिवाय ती विकत घेऊ नये.

17. अमेरिकेतून भारतात येताना अशी टोके सोबत आणता येतात का?

हातसामानात आणता येत नाहीत. चेक-इन सामानात धार झाकून, घट्ट बांधून ठेवावी लागतात, आणि विमान कंपनीची व भारतीय सीमाशुल्क विभागाची परवानगी निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावी. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मुळे ही टोके प्रदर्शनाच्या पेटीपलीकडे कोठेही वापरायची नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

18. आमच्या गावी शेतात लोखंडी बाणाचे टोक सापडले. त्याचा काळही याच पद्धतीने काढता येईल का?

येणार नाही, आणि प्रयत्नही करू नये. वर सांगितलेल्या खुणा पेटंट, टपाल आणि कारखाना यांच्या जगातील आहेत. सातपुड्यात भिल्ल समाजात तिरकामठ्याची परंपरा आहे आणि त्याच्या तीरांची लोखंडी टोके गावच्या भट्टीत घडत आली आहेत; अशा टोकाचा काळ केवळ आकारावरून सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूला, विदर्भातील माहुरझरी आणि नायकुंड यांसारख्या महापाषाणीय स्थळी लोखंडी हत्यारे उत्खननात मिळाली आहेत, आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. शेतात मिळालेले टोक या दोहोंपैकी कोणत्या बाजूचे, हे जमिनीचा थर आणि सोबतची खापरे पाहूनच कळते, म्हणून ते घासू नये, जागा खणू नये, सापडले त्या ठिकाणाचे छायाचित्र काढून ठेवावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे 1878 च्या निखात निधी अधिनियमाने बंधनकारक आहे. तलाठी कार्यालयात लेखी कळवून त्याची पोच घ्यावी आणि एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पाठवावी.